किर्लोस्करवाडी : एका उद्योगवसाहतीची नवोपक्रमशील कार्यसंस्कृती (१९१० ते १९४८)

प्रस्तावना :

संघटनेची संस्कृती आणि नवोपक्रमशीलता यांचा संबंध हा वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यासक्रमातील एक रूढ विषय झाला आहे. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर यांनी १९६१ मध्ये स्कॉटलंड व इंग्लंडमधील कारखान्यांच्या अभ्यासावरून संघटनांचे दोन प्रकार सांगितले. एक 'यांत्रिक', म्हणजे अधिकारपदांच्या उतरंडीवर आणि ठरलेल्या कामांवर चालणारा. दुसरा 'सेंद्रिय', म्हणजे प्रसंगानुसार कामाच्या सीमा बदलू देणारा आणि ज्याला ज्ञान आहे त्याचे मत ऐकणारा. परिस्थिती अस्थिर असेल तेव्हा दुसरा प्रकार अधिक टिकाव धरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे एडगर शाइन यांनी १९८५ मध्ये संघटनेची संस्कृती म्हणजे एखाद्या समूहाने आपल्या अडचणी सोडविताना शिकलेली व पुढे गृहीत धरलेली तत्त्वे, अशी मांडणी केली. या मांडणीचे अध्यापन करताना उदाहरणे मात्र बहुधा अमेरिकेतील वा जपानमधील दिली जातात. वस्तुतः या दोन्ही ग्रंथांच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर अशा संस्कृतीचा एक प्रयोग सुरू झाला होता.

किर्लोस्करवाडीचा इतिहास मराठीत अनेकदा सांगितला गेला आहे. परंतु तो प्रामुख्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर या कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र म्हणून. चरित्रात्मक मांडणीत प्रत्येक शोध एका व्यक्तीच्या बुद्धीतून येतो आणि प्रत्येक अडचण तिच्या धैर्याने दूर होते. भोवतीच्या माणसांनी काय केले, त्यांना ते का करता आले, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न पुढे घेतला आहे. माणसाची पारख प्रमाणपत्रावरून न करता कामावरून करणे आणि वापरणाऱ्याच्या तक्रारीला ज्ञान मानणे या दोन सवयींवर ही कार्यसंस्कृती उभी होती, असे येथे दाखवावयाचे आहे. त्याचबरोबर, तिची मर्यादाही तिच्या रचनेतच होती, हेही पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका :

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण रंगांचा भेद पुरता ओळखता येत नसल्याचे लक्षात आल्यावर त्यांना चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनात मात्र रंगांची गरज नव्हती. त्या विषयाचे शिक्षण घेऊन ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे पदोन्नतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची नेमणूक झाली आणि त्यांनी नोकरी सोडली. हा प्रसंग स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. पण संघटनेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते. काम येत असूनही कामापेक्षा वेगळ्याच मापाने मोजले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव या माणसाला एकदा नव्हे, दोनदा आला होता : एकदा निसर्गाने दिलेल्या उणिवेमुळे आणि एकदा वसाहतवादी व्यवस्थेमुळे. पुढे त्यांनी माणसे निवडताना जी पद्धत ठेवली, तिचे मूळ या अनुभवात शोधणे अप्रस्तुत ठरणार नाही.

बंधू रामचंद्र तथा रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सुरू केलेल्या सायकलींच्या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून, किर्लोस्कर बंधू आपल्या उद्योगाची गणना करतात. सायकल विकणे आणि ती चालविण्यास शिकविणे ही दोन्ही कामे तेथे होत असत. नवी वस्तू विकायची तर ती वापरण्याचे शिक्षणही विकणाऱ्यानेच द्यावे लागते, हा धडा येथेच मिळाला असावा. नंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याचा नकार :

लोखंडी नांगराची हकिकत काहीशी थांबून पाहणे आवश्यक आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सर्वत्र नमूद केले जाते. शेतकऱ्यांची अंधश्रद्धा आणि उद्योजकाची चिकाटी अशा सोप्या विरोधात ही हकिकत बसविली जाते. परंतु त्या काळच्या दख्खनमधील शेतीची घडी लक्षात घेतली, तर नकाराला अधिक व्यवहारी कारणे असल्याचे दिसते. लाकडी नांगर गावातील सुतार घडवीत असे, फाळ लोहार शेवटून देत असे, आणि दोघांचाही मोबदला बलुत्याच्या रूपाने, धान्यात, सुगीला मिळत असे. लोखंडी नांगरासाठी रोख पैसा लागणार होता. तो अधिक खोल जात असल्यामुळे जड जमिनीत ओढण्यास बैलांच्या जास्त जोड्या लागणार होत्या. त्याचा एखादा भाग झिजला किंवा मोडला, तर गावातील कोणालाही तो दुरुस्त करता येणार नव्हता. म्हणजे पेरणीच्या ऐन तोंडावर शेतकरी दूरच्या एका कारखान्यावर अवलंबून राहणार होता. 'लोखंड जमिनीला बाधते' हे वाक्य या साऱ्या शंकांचे संक्षिप्त रूप होते, असे म्हणण्यास वाव आहे.

दुसऱ्या बाजूला, कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या इतक्या खोल जात की लाकडी नांगराला त्या उपटता येत नसत. इंग्लंडमधील रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर त्या काळी आयात होत होते. तेव्हा देशी कारखान्यापुढील प्रश्न नांगर 'शोधण्याचा' नव्हताच. परदेशात सिद्ध झालेली वस्तू येथील माती, येथील बैल, येथील खिसा आणि येथील दुरुस्तीची सोय यांना जुळेल अशी करणे, हा तो प्रश्न होता. सुटे भाग मिळतील, झिजलेला फाळ बदलता येईल आणि नांगर बिघडला तर त्याची दाद घेतली जाईल, याची खात्री पटल्याशिवाय शेतकरी नांगराकडे वळणे शक्य नव्हते. शेताच्या बांधावरील तक्रार कारखान्याच्या रेखाटनाच्या फळ्यापर्यंत पोचणे ही येथे सौजन्याची नव्हे, अस्तित्वाची बाब होती. नवोपक्रमाची व्याख्या केवळ पेटंटांच्या संख्येवरून करणाऱ्यांना हा भाग क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात भारतीय शेती-अवजारांच्या उद्योगाचा पाया येथेच घातला गेला.

औंधचे सहकार्य आणि वसाहतीची स्थापना :

बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे तेथील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. त्यावेळी औंधचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. जागा खडकाळ होती. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे फारसे काही नव्हते. शंतनुराव किर्लोस्करांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' असे नाव दिले. प्रारंभी सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले.

नवोपक्रमास पोषक संस्कृती केवळ कारखान्याच्या आत घडत नाही, याची येथे नोंद घ्यावयास हवी. औंध हे लहान संस्थान. बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाला लक्ष्मणरावांमधील कारागिराची ओळख पटली असल्यास नवल नाही. याच संस्थानात १९१६ मध्ये ओगले काच कारखाना सुरू झाला. मोठ्या सरकारला जी जोखीम घेण्याची गरज वाटत नव्हती, ती एका छोट्या संस्थानाने घेतली. याचा अर्थ संस्थानी राजवट एकूण प्रगतिशील होती असा नाही. बहुतेक संस्थानांविषयी तसे म्हणता येणार नाही. परंतु निर्णय घेणारा आणि निर्णयाचा परिणाम भोगणारा यांच्यातील अंतर औंधमध्ये कमी होते, एवढे निश्चित.

माणसांची निवड :

किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या वृत्तान्तांत काही नावे पुनःपुन्हा येतात. वसाहतीची आखणी आणि प्रशासन रामुअण्णांकडे होते. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळीत. आग लागली तर ती विझविण्यासही तेच धावत आणि कोणी आजारी पडले तर औषधोपचारही तेच पाहात. के. के. कुलकर्णी व्यवस्थापक, परंतु पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे हिशेब पाहात. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली; तरीही नवी यंत्रे कल्पिण्यात त्यांचा हात मोठा होता, आणि त्यांना अभियंता म्हणूनच वागविले गेले.

या यादीत पदनाम आणि काम यांचा मेळ जवळजवळ कोठेच बसत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. बर्न्स आणि स्टॉकर यांनी ज्याला सेंद्रिय संघटना म्हटले तिचे हेच प्रमुख लक्षण. मात्र बर्न्स-स्टॉकर यांच्या कारखान्यांत ते बदलत्या तंत्रज्ञानामुळे आले होते; येथे ते माळरानाने लादले होते. जवळ शहर नाही, दवाखाना नाही, दुरुस्तीचे दुकान नाही, अशा ठिकाणी 'हे माझे काम नाही' असे म्हणण्याची सोयच नव्हती. लक्ष्मणरावांचे श्रेय इतकेच, आणि ते लहान नाही, की या सक्तीला त्यांनी पद्धतीचे रूप दिले. कारखाना वाढल्यावरही शाळा सोडलेल्या माणसाला रेखाटनाच्या मेजावरून उठविले नाही.

याच यादीत आणखी दोन नावे आहेत : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोडेखोरीचा पूर्वेतिहास असलेल्या या दोघांवर वसाहतीच्या रखवालीची जबाबदारी सोपविण्यात आली होती. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ पासून अस्तित्वात होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या नेमणुकीचे वेगळेपण कळते. पुढे १९३९ मध्ये औंध संस्थानातच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली आणि त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट स्फुरला. किर्लोस्करवाडीतील रखवालदार त्याच्या जवळजवळ तीन दशके आधीचे.

लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यतेस बंदी केली होती. त्या काळातील महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे पाऊल धाडसाचेच होते. तथापि एक बाब नजरेतून सुटू नये. वृत्तान्तांतील जांभेकर, कुलकर्णी, रेगे, फळणीकर यांना आडनावे आहेत आणि त्यांच्यामागे 'राव' आहे. विश्वासाच्या या दोन रखवालदारांची ओळख मात्र त्यांच्या जातीच्या नावानेच राहिली आहे. काम देताना जी भिंत ओलांडली गेली, ती आठवण लिहिताना ओलांडली गेली नाही.

टंचाईचा काळ आणि छापील शब्द :

पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) परदेशी माल येणे थांबले. लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगरांसाठी लोखंड मिळविण्यात आले. तोफांचे नांगर झाले, या काव्यमय योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भट्टीवरील कामगाराच्या दृष्टीने मात्र तो वेगळाच प्रश्न होता : शतकापूर्वीच्या, घटक माहीत नसलेल्या धातूपासून एकसारखे ओतकाम कसे करावे? असे प्रश्न पुस्तकातून सुटत नाहीत. ओतकाम फसले तर ते उघडपणे सांगता येईल आणि पुन्हा करून पाहता येईल, असे वातावरण असेल तरच ते सुटतात.

१९२० हे वर्ष दोन घटनांमुळे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. शंकरराव हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. 'खबर' मुळात कारखान्याचे गृहपत्र होते. कारखान्यातील वार्ता, यंत्रांची माहिती, ग्राहकांशी संवाद हा त्याचा हेतू. भागधारक आणि ग्राहक वाढले की मालकाला प्रत्येकाशी समक्ष बोलता येत नाही. कारखाना आणि शेत यांच्यातील जो संवाद नांगराच्या वेळी तोंडी चालला होता, त्याला आता छापील माध्यम मिळाले. १९२९ मध्ये मासिकाचे नाव 'किर्लोस्कर' असे झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर' मासिकातून प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयेतिहासात या मासिकांना मानाचे स्थान आहे. पण त्यांचा जन्म एका नांगराच्या कारखान्यात झाला, ही गोष्ट वाङ्मयाचे अभ्यासक ओझरती नोंदवितात आणि उद्योगाचे अभ्यासक बहुधा विसरतात. ज्या संघटनेला आपले काम शब्दांत मांडावे लागते, तिला आपल्या कामाकडे बाहेरून पाहावे लागते. हा 'खबर'चा सर्वांत मोठा, आणि बहुधा अनपेक्षित, लाभ होता.

पदवीचे आगमन :

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यंत्र अभियांत्रिकी शिकण्यास गेले आणि १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. पदवीपेक्षा हाताला मान देणाऱ्या कारखान्यात मालकाच्याच घरातून पदवी आली, हा या संस्कृतीच्या कसोटीचा क्षण होता. १९२६ हेच वर्ष कंपनीच्या पहिल्या अपकेंद्री पंपाचेही मानले जाते. नांगरात अंदाजाने भागत असे. पंपात पाण्याचा दाब, पात्यांचा कोन आणि फिरण्याचा वेग यांचे गणित चुकले तर यंत्र नुसतेच फिरत राहते. त्यामुळे मोजमापाचे महत्त्व वाढणे अपरिहार्य होते. परंतु गणिताने ठरलेली पाती शेवटी साच्यात ओतणारा हात वाडीतच तयार झालेला होता. दोन्ही प्रकारच्या ज्ञानांची येथे सांगड पडली.

पुढील विस्तार मात्र वाडीबाहेर झाला. यंत्रहत्यारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहर येथे, तर १९४६ मध्ये तेलइंजिनांसाठी पुण्याजवळ खडकी येथे आणि विद्युत मोटारींसाठी बंगळूर येथे कंपन्या स्थापन झाल्या. जी कार्यसंस्कृती माळरानाच्या एकटेपणात वाढली होती, ती शहरात जशीच्या तशी नेणे शक्य नव्हते. तेथे कामगार संध्याकाळी घरी जात होता. वाडीत तो घरीच असे.

कुंपणाच्या बाहेर :

किर्लोस्करवाडीच्या साऱ्या वृत्तान्तांत विश्वास टाकणारा नेहमी एकच आहे आणि तो वरच्या बाजूला आहे. फळणीकरांना संधी दिली जाते, रखवालदारांवर भरवसा ठेवला जातो, अस्पृश्यतेस बंदी केली जाते. या क्रियापदांचा कर्ता मालक आहे. चांगल्या मालकाच्या हाती ही व्यवस्था उत्तम चालते, याचा पुरावा म्हणजे वाडीच. पण ती मालकाच्या स्वभावावर उभी होती हे नाकारता येत नाही. आणि तिचा परीघ कुंपणापाशी संपत होता.

वाडीपासून जवळच असलेले कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सहकारी यांनी न्यायनिवाड्यापासून तुफान सेनेपर्यंत स्वतःची संघटना उभारली. तिच्यात शेतकऱ्यांची मुले स्वतः निर्णय घेत होती. एकाच परिसरात संघटना-उभारणीचे दोन अपूर्व प्रयोग झाले. असे असूनही त्यांचा विचार एकत्र केला जात नाही. एक उद्योगाच्या इतिहासात जातो, दुसरा स्वातंत्र्यलढ्याच्या.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले आणि त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. ज्या वसाहतीने अडतीस वर्षे जन्मापेक्षा कामाला मान दिला होता, तिची बाहेरच्या जमावाने केलेली पारख जन्मावरूनच झाली. ही घटना अन्याय्य होती यात शंका नाही. परंतु इतिहासलेखकाला अन्याय नोंदवून थांबता येत नाही. शेतकऱ्याची नांगराविषयीची तक्रार ऐकण्यात जो कारखाना इतका तत्पर होता, त्याला भोवतीच्या गावांचा नांगराखेरीजचा असंतोष कितपत ऐकू येत होता, हा प्रश्न त्या राखेतून उरतोच. १९२० च्या दशकापासून ब्राह्मणेतर चळवळीने हा भाग ढवळून काढला होता. त्या असंतोषासाठी वाडीत कोणता फळा होता, याचे उत्तर उपलब्ध चरित्रे देत नाहीत. त्यांनी तो प्रश्न विचारलेलाही नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जमीन आणि कर्ज देणारा राजा आता राज्यकर्ता राहिला नव्हता, आणि लक्ष्मणराव ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. कुंडल रोड स्थानकाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले ते कायम राहिले, आणि तेथे आजही पंप तयार होतात.